उभ्यानं

गंजगोलाईच्या मागं, वह्यांच्या दुकानावर तिचा जिना.
इंजेक्शनचा वास नाही, गळ्यात नळी नाही.
टेबलावर रबरी चपाती, रबरी केळ,
वाट्या तीन, लहान-मोठ्या,
अन् कोपऱ्यात वजनकाटा.
त्याच्याकडं मी बघतच नव्हते.

बोलणी खायच्या तयारीनंच गेलते.
शेजारच्या भारतबाईला एकानं छापील कागद दिलता:
ओट्स, किवी, ऑलिव्हचं तेल.
तिनं तो फ्रीजवर चिकटवला
अन् फ्रीजमधलं होतं तेच खाल्लं.

तहसीन मॅडमनं आधी पूर्ण नाव विचारलं.
महानंदा शिवलिंग बिडवे. वय बावन्न.
मग विचारतच गेली.
झोप किती, रात्री उठता का,
पोट साफ होतं का,
पाणी किती. चहा किती.
मी म्हणाले, चहाचं काय मोजायचं,
पातेलं चढलेलंच असतंय.
ती हसली नाही. लिहून घेतलं: पातेलं.

रक्ताचा कागद पुढं केला. आठ पॉइंट एक.
चक्कर कुठं येते? शेगडीपुढं.
किती वाजता?
हे कुणीच विचारलं नव्हतं, किती वाजता.
साडेअकरा. बाराला पोरांची पहिली पंगत.
बेचाळीस पोरं, डॉक्टर व्हायला लातूरला आलेली.
कळमनुरीचा संघपाल वांगं खात नाही,
देगलूरच्या मुजाहिदला भात लागतोच,
एकीला दह्याची साय काढून द्यावी लागते.

आणि तुम्ही? काल दुपारी?

बेचाळीस ताटं आठवली.
त्रेचाळिसावं आठवेना.

तिनं वही दिली. तीन दिवस लिहा.
चांगलं-वाईट ठरवू नका, नुसतं लिहा.
मला सवय हिशेबाची: गॅस, तेल, तूरडाळ, उधारी.
तसंच लिहिलं.

सोमवार. चहा. चहा. करपलेली भाकरी अर्धी, उभ्यानं.
वरण, बुडाचं, उभ्यानं. चहा.
मंगळवार. एका पोरीचा पेपर वाईट गेला,
तिला जेवू घातलं. आपलं राहिलं. चहा.
बुधवार. सुशीला, ताटातला उरलेला, दोन घास, उभ्यानं.

पुढच्या खेपेला तिनं सगळं वाचलं.
रागवेल वाटलं. तिचं पेन फक्त
'उभ्यानं'खाली फिरत राहिलं.
बसून, पोटभर, शेवटचं कधी जेवलात?

येळवसला, मी म्हणाले.
औशाच्या शिवारात, भावाच्या कोपीपुढं,
भज्जी, आंबील, उंडे,
अन् वाढायला भावजय.

ती थोडा वेळ गप्प.
आम्हालाही येतो शेतातून आंबिलीचा गडू, म्हणाली.
पण येळवस डिसेंबरात झाली, काकू.
आता जुलै आहे.

ओट्स आले नाहीत. किवीही नाही.
माळ्यावरची लोखंडी कढई काढा, म्हणाली.
माळ्यावर आहे हे हिला कसं कळलं?
अंबाडी, पाथरीची भाजी, हुलगे. वर लिंबू.
डॉक्टरच्या गोळ्या आहेत तशा चालू.
जेवल्यावर तासभर चहा नको.
(हे जड गेलं. अजून जातं.)
अन् पहिली भाकरी तुमची.
मी म्हणाले, पहिली गाईची असते.
मग दुसरी, ती म्हणाली.

तीनशे रुपये. जिना उतरता उतरता हिशेब झाला:
सहा ताटं.
काट्यावर उभी राहिलेच नाही.

आज अकराला पाट ओढला.
बसले. गुडघे बोलले.
ओट्याची खालची बाजू
वीस वर्षांत पाहिली नव्हती,
तिथं कोळ्यानं संसार मांडलाय.
ताटात दुसरी भाकरी, गरम, बोटं भाजणारी.

संघपाल लवकर आला. दारातच थांबला.
काकू, बरं नाही का?

बरं हाय की. जेवलाले.

त्याला कळेना कुठं बघावं.
मी भाजीवर लिंबू पिळलं.